सवलत कुणाच्या खात्यावर?

गेल्या नोव्हेंबरात तुळशीची लग्ने आटोपली आणि आमच्या घरात माणसांच्या लग्नाची धांदल सुरू झाली. भाचीचे लग्न रविवारी पार्ल्यात होते. नागपूरहून काका-काकू, त्यांच्या दोन लेकी आणि जावई, आणि इंदूरहून चुलतभाऊ व वहिनी अशी चार जोडपी शनिवारी सकाळी पोहोचून सोमवारी परतणार होती. पार्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात पाहुण्यांना गाद्या घालून झोपवण्याचे दिवस मागे पडले आहेत, आणि तसे नसते तरी काकांचे गुडघे जमिनीवरच्या गादीला तयार नव्हते. बहिणीने चार खोल्यांची जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण फोर्टमधल्या एका कचेरीच्या लेखा विभागात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आहेत आणि पैशाचा प्रश्न आला की घरात सगळे माझ्याकडे बघतात.

पार्ले आणि अंधेरी पूर्वेला विमानतळामुळे हॉटेले पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या दराची एक रीत आहे. ही हॉटेले सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या कामासाठी आलेल्या लोकांनी भरतात आणि शुक्रवारी संध्याकाळी हे लोक आपापल्या गावी परतले की ओस पडतात. त्यामुळे लोणावळ्यात शनिवारी जी खोली दुप्पट महाग होते, तशीच खोली अंधेरीत शनिवारी स्वस्त होते. रविवारचे लग्न हीच आमची पहिली सवलत होती आणि तिच्यासाठी कुठला कोड टाकावा लागला नाही. विमानतळाजवळच्या एका मध्यम हॉटेलात आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेसहा हजारांच्या पुढे असणारी खोली शनिवार-रविवारसाठी पाच हजारांना दिसत होती.

इथून पुढचे काम भाच्याचे, असे ठरले होते. तो नवरीचा धाकटा भाऊ, वय चोवीस, आणि त्याच्या मोबाइलवर प्रवासाची सात अ‍ॅप आहेत. "मावशी, पाच हजार म्हणजे सुरुवात आहे. यावर थर चढवायचे असतात," असे म्हणून त्याने माझ्यासमोर बैठक मारली.

त्याची पहिली चूक मला लगेच दिसली, कारण ती हिशेबाची होती. सदस्यांसाठीचा दर दहा टक्के कमी, कूपनचे बारा टक्के, बँकेच्या कार्डाचे दहा टक्के. म्हणजे एकूण बत्तीस टक्के, असे तो म्हणत होता. एकावर एक चढणाऱ्या टक्क्यांची अशी बेरीज होत नाही, कारण दुसरी सवलत मूळ किमतीवर नाही, तर पहिल्या सवलतीनंतर उरलेल्या किमतीवर मिळते. दहा टक्के तीनदा मिळाले, तर उरतात ७२.९; म्हणजे सूट तीस टक्क्यांची नाही, सत्तावीस टक्क्यांच्या जरा वर. फरक लहान आहे, पण जाहिरातीत मोठ्या अक्षरांत बेरीज असते आणि बिलात गुणाकार असतो.

त्याची दुसरी चूक मात्र माझीही होती. आम्ही चार साइटवर भाव ताडून पाहत होतो आणि चार दुकाने हिंडल्याचे समाधान मानत होतो. नंतर ध्यानात आले की गोआयबिबो २०१७ पासून मेकमायट्रिपच्याच घरात आहे. बुकिंग डॉट कॉम आणि अगोडा या दोन्ही एकाच अमेरिकी समूहाच्या आहेत, ज्याने पहिली २००५ मध्ये आणि दुसरी २००७ मध्ये विकत घेतली. हॉटेल्स डॉट कॉम एक्सपीडिया या दुसऱ्या अमेरिकी कंपनीची आहे, आणि सगळ्यांचे भाव शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या ट्रिव्हागोतही एक्सपीडियाचाच मोठा हिस्सा आहे. एकाच मालकाच्या दोन दुकानांत भाव विचारण्यात गैर काही नाही, कारण कूपने वेगळी असतात आणि कधीकधी दरही वेगळे निघतात. पण त्याला चार ठिकाणी चौकशी केली असे म्हणता येत नाही.

खरा उलगडा झाला तो सवय म्हणून. आमच्या विभागात कुठलाही खर्च समोर आला की पहिला प्रश्न असतो, हा कुणाच्या खात्यावर टाकायचा? मी तोच प्रश्न प्रत्येक सवलतीला विचारत गेले, आणि कोणती सवलत कोणत्या सवलतीबरोबर चालते व कोणतीबरोबर चालत नाही, याचे जे गूढ भाचा अनुभवाने सांगत होता, ते सरळ वहीच्या पानासारखे उघडले. सदस्यांचा दर, मोबाइलवरून घेतल्यास मिळणारा दर, आधी बुकिंग केल्याचा दर या सगळ्या सवलती हॉटेल देते, साइट फक्त त्यांना नावे देते. कूपन बहुतेक वेळा साइटच्या खात्यावर असते, म्हणजे तिला हॉटेलकडून मिळणाऱ्या कमिशनातला एक तुकडा ती ग्राहकाकडे सरकवते. कार्डावरची तत्काळ सूट बँकेच्या प्रसिद्धीच्या खर्चात जाते. कॅशबॅक देणाऱ्या कॅशकरोसारख्या साइट ग्राहक आणून दिल्याबद्दल मिळणारी दलाली त्याच्याबरोबर वाटून घेतात. देणारे निरनिराळे असतील, तर सवलती एकमेकींवर चढतात. देणारा एकच असेल, तर तो एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतो. म्हणूनच एका बुकिंगवर दोन कूपने चालत नाहीत. म्हणूनच दुसरीकडून उचललेला कोड टाकला की कॅशबॅक बुडते, कारण ती दलाली आता कोड पुरवणाऱ्याच्या वाट्याला गेलेली असते. आणि बाराशे रुपये कमी भावात घेतलेले गिफ्ट कार्ड वापरले की बँकेची सूट जाते, कारण बँकेला तिच्या कार्डावरून झालेला व्यवहार दिसतच नाही.

हे कळल्यावर खेळ रंगला, हे मी कबूल करते. कूपनावर बारीक अक्षरांत लिहिले होते की सवलत बारा टक्के, पण एका बुकिंगला कमाल १,२०० रुपये. चार खोल्या दोन रात्रींसाठी एकत्र घेतल्या असत्या तर सदस्यांच्या दराने ३६,००० रुपये झाले असते आणि त्यांचे बारा टक्के ४,३२० होत असूनही हाती १,२०० पडले असते, म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के. त्याऐवजी प्रत्येक खोलीचे वेगळे बुकिंग केले, तर ९,००० चे बारा टक्के १,०८० होतात, मर्यादेच्या आत बसतात आणि चौघांचे मिळून पूर्ण ४,३२० पदरात पडतात. बँकेची सूट एका कार्डाला महिन्यातून एकदाच होती, म्हणून चार बुकिंगांसाठी चार कार्डे गोळा केली: माझे, बहिणीचे, भाच्याचे आणि आमच्या ह्यांचे. ह्यांनी आपले कार्ड पाकिटातून काढताना माझ्याकडे जसे पाहिले, तसे ते भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या माणसाकडे पाहतात.

कराचा मुद्दा यात सर्वांत दुर्लक्षित राहतो आणि कित्येकदा तोच सर्वांत मोठा ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे, पूर्वी तो बारा होता. ७,५०० च्या वर मात्र अठराच टक्के. भाच्याला पसंत पडलेले दुसरे हॉटेल ७,८०० रुपयांचे होते. त्या दराने कर १,४०४ आणि एकूण ९,२०४. तेच सदस्यांच्या दहा टक्के सवलतीने ७,०२० ला आले की कर पाच टक्क्यांवर घसरून ३५१ होतो आणि एकूण ७,३७१. सवलत ७८० रुपयांची, पण फायदा १,८३३ रुपयांचा. अर्थात हॉटेलने स्वतः दर उतरवला तरच हे घडते. माझ्या पाहण्यातल्या बिलांत साइटच्या कूपनाने कराची रक्कम तसूभरही हललेली नाही, कारण हॉटेलच्या लेखी खोली त्याच दराला गेलेली असते.

आमच्या पाच हजारांच्या खोलीचा हिशेब अखेर असा झाला. दोन रात्रींचे ९,०००, त्यावर कर ४५०, कूपनाचे १,०८० वजा, उरलेल्या ८,३७० वर बँकेचे ८३७ वजा, म्हणजे एका खोलीचे ७,५३३ आणि चार खोल्यांचे ३०,१३२. सवलतींना हात न लावता हेच ४२,००० झाले असते. वाचले ११,८६८, म्हणजे सव्वाअठ्ठावीस टक्के. हे मी एका कागदावर लिहून फ्रिजवर चुंबकाने लावले, आणि येता-जाता त्याकडे पाहून मला जे समाधान होत होते, ते सांगायला संकोच वाटतो.

या तीन-चार संध्याकाळींत साइटने जी घाई केली तिच्याविषयी थोडे. "या किमतीत शेवटची एकच खोली" असे लाल अक्षरांत येत होते, आणि तरी त्याच किमतीत आम्ही एकामागून एक तीन खोल्या घेतल्या. या वाक्यात अगदीच खोटे नसते. त्या साइटच्या वाट्याला त्या क्षणी दिलेली, त्या प्रकारची खोली एवढाच त्याचा अर्थ असतो. ग्राहकाला फसवणाऱ्या अशा मांडणीचे तेरा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहेत, आणि खोटी घाई व न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू हे दोन्ही त्यांत आहेत. आमच्या प्रत्येक बुकिंगमध्ये विम्याच्या चौकोनात आधीच खूण केलेली होती. चार वेळा ती पुसावी लागली.

मात्र चौथ्या खोलीच्या वेळी घाई खरी निघाली. ह्यांचे कार्ड दुसऱ्या दिवशी मिळाले आणि तोवर विनामूल्य रद्द करता येणारा दर संपला होता. उरला होता तो तितक्याच किमतीचा, पण पैसे परत न मिळणारा. भाचा म्हणाला, "लग्नाला येणारच आहेत ना सगळे?" मी मान हलवली.

लग्नाच्या चार दिवस आधी इंदूरच्या वहिनींना डेंग्यू झाला. चारांपैकी नेमकी कोणती खोली त्यांच्या नावावर होती, ते सांगायला नको. आम्हाला वाटले की नावे बदलून परत मिळणारी खोली सोडू, पण उरलेल्या तिन्हींची मोफत रद्द करण्याची मुदत आदल्या रात्रीच संपली होती. हॉटेलला फोन केला तर तिथले गृहस्थ नम्रपणे म्हणाले की पैसे साइटने घेतले आहेत, तेव्हा तुम्ही साइटशी बोला. साइटवरची मुलगी त्याहून नम्रपणे म्हणाली की हॉटेलने ना हरकत दिली तर आम्ही विचार करू. या दोन नम्रतांच्या मध्ये मी कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीचे दोन दिवस घालवले. शेवटी साइटने सदिच्छा म्हणून २,५०० रुपये वॉलेटमध्ये घातले, ज्यांतून पुढच्या बुकिंगच्या रकमेच्या फार तर दहा टक्के वापरता येतील आणि तेही नव्वद दिवसांत. म्हणजे ते अडीच हजार पुरते वसूल करायचे, तर मला आणखी पंचवीस हजारांचे हॉटेल घ्यावे लागेल.

फ्रिजवरचा कागद मी काढला आणि नव्याने मांडणी केली. साध्या, ऐनवेळीही रद्द करता येणाऱ्या दराने चार खोल्या घेऊन एक सोडली असती, तर तीन खोल्यांचे ३१,५०० द्यावे लागले असते. मी भरले होते ३०,१३२. अकरा हजार आठशे अडुसष्टची बचत तेराशे अडुसष्टवर आली होती.

ती तरी टिकावी, पण विदर्भ एक्सप्रेस वेळेवर आली. सकाळी सातच्या सुमारास दादरला उतरून नागपूरची मंडळी टॅक्सीने हॉटेलवर पोहोचली, आणि चेक-इनची वेळ होती दुपारी दोन. इतके दिवस टक्के, मर्यादा, कर आणि कार्डे यांत मी बुडालेली असताना गाडी सकाळी येते, ही एक गोष्ट माझ्या कुठल्याही रकान्यात नव्हती. मी धावत पोहोचले तेव्हा काका स्वेटर घालून लॉबीतल्या पांढऱ्या सोफ्याच्या कडेला बसले होते आणि काकूंनी डबा उघडून सांबारवडी बाहेर काढली होती. त्यातली एक स्वागतकक्षातल्या मुलीच्या हातातही होती. त्याच मुलीने मला सांगितले की खोल्या रिकाम्या आहेत, पण आत्ता हव्या असतील तर प्रत्येकी हजार रुपये पडतील. शिवाय एका बुकिंगवर पाहुण्याच्या जागी मी सवयीने माझेच नाव घातले होते, आणि मुंबईच्या पत्त्याचे ओळखपत्र असणाऱ्याला ते हॉटेल खोली देत नव्हते; धाकट्या चुलतबहिणीचे नाव तिथे चढवायला पाऊण तास गेला. चार वेगळी बुकिंगे असल्यामुळे खोल्या दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मजल्यावर आल्या, तो भाग निराळाच.

"कायले एवढा खटाटोप करून राहिली वं पोरी?" काका म्हणाले. "दादरले कुठं बी लॉजमध्ये टाकलं असतं तरी चाललं असतं."

मी तीन हजार रुपये भरले. काकांच्या गुडघ्यांकडे पाहता दोनपर्यंत थांबणे शक्य नव्हते.

सोमवारी सकाळी मंडळी निघाल्यावर बिलावर सह्या करताना हॉटेलचे व्यवस्थापक भेटले. हिशेबाची माणसे एकमेकांना ओळखतात. आमचे बोलणे लांबले. मी विचारले की पाच हजारांच्या या खोलीत तुमच्या हाती काय पडले? त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सदस्यांचा दर ४,५००, त्यावर साइटचे कमिशन विसाच्या आसपास, म्हणजे नऊशे. हॉटेलला राहिले ३,६००. मी माझा आकडा सांगितला: कर धरून रात्रीला ३,७६६. मग आम्ही दोघांनी मिळून तो पाच हजारांचा आकडा उलगडला. पाचशे हॉटेलने सोडले होते. नऊशे साइटने घेतले आणि त्यांतले ५४० कूपन म्हणून मला दिले, तिच्यापाशी उरले ३६०. बँकेने चारशे अठरा दिले, ते का, तर पुढच्या वेळी मी हेच कार्ड काढावे म्हणून. कागदावर मला सर्वांत उदार वाटलेल्या साइटचा हात खरे तर हॉटेलच्याच खिशात होता.

"फोन केला असतात, तर मी काय दिलं असतं?" असे त्यांनी स्वतःच विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, "कर धरून त्रेचाळीसशे, नाश्त्यासकट. आणि सकाळी खोली रिकामी असेल तर तशीच उघडून दिली असती, पैसे न घेता."

आता इथे कुणालाही वाटेल की थेट फोन करावा हेच खरे, पण आकडे तितके सरळ नाहीत. खोलीपुरते पाहिले तर माझा ३,७६६ चा दर त्यांच्या त्रेचाळीसशेपेक्षा स्वस्तच आहे, आणि तो त्यांना देता येणार नाही, कारण बँकेचे चारशे अठरा त्यांच्या हातात नाहीत. त्यांचा नाश्ता माणशी ४५० रुपयांचा आहे. दोघांचा धरला तर माझा दर ४,६६६ होतो आणि पारडे फिरते. काका-काकू हॉटेलचा नाश्ता खाणार असतील तर फोन, स्टेशनाजवळच्या उडप्याकडे जाणार असतील तर साइट. काका उडप्याकडेच गेले होते.

मी त्यांना आणखी एक विचारले: मग हा त्रेचाळीसशेचा दर तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर का दिसत नाही? ते हसले. साइटपेक्षा कमी दर दुसरीकडे दाखवायचा नाही, असे करार हॉटेलांकडून लिहून घेण्याची रीत जुनी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला, त्यात अशा अटींचाही मुद्दा होता, आणि त्या काढून टाकण्यास आयोगाने मेकमायट्रिपला सांगितले होते. "कागदावर काही नाही आता," व्यवस्थापक म्हणाले, "पण यादीत आम्ही पहिल्या पानावर दिसायचं की चौथ्या, हे त्यांच्या हातात आहे. फोनवर मात्र तुम्ही आणि मीच असतो." त्यांनी आपले कार्ड दिले.

येत्या वैशाखात आमच्याकडेच कार्य आहे, मुलाचे. काका पुन्हा येणार आहेत, या वेळी इंदूरची वहिनीही. भाच्याने वॉलेटमधल्या अडीच हजारांची मुदत संपत आल्याची आठवण दोनदा करून दिली आहे आणि एक नवे कार्डही काढले आहे. मी काल त्या व्यवस्थापकांना फोन केला आणि सकाळी साडेसातला खोली मिळेल का, हे आधी विचारले. मिळेल म्हणाले. दर विचारल्यावर लग्नसराईचा म्हणून त्यांनी दोनशे वाढवून सांगितला. मी तो वहीत डाव्या रकान्यात लिहिला. उजव्या रकान्यात साइटचा लिहिला आहे, तोही वाढला आहे. पत्रिका छापून यायला अजून आठवडा आहे, आणि मधल्या वेळात नागपूरला फोन करून काकूंना नाश्त्याचे विचारायचे आहे.